चर्चमधली बाळखोली: दर रविवारी तेच हात, तोच दरवाजा

चर्चच्या व्हरांड्यात उभं राहायचं, कडेवरचं मूल झुलवायचं आणि आतला संदेश जेवढा कानावर पडेल तेवढा ऐकायचा. आमच्या नगरच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चला जाणाऱ्या समाजात, बहुतेक आयांनी अशी दोन-तीन वर्षं काढलेली आहेत. माझ्या सुनेनेही काढली. एका रविवारी मी मुद्दाम मोजलं. व्हरांड्यात सात आया आणि एक आजोबा होते, आणि आत बाकांवर त्या वयाची आई एकही नव्हती. त्याच आठवड्यात मी पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंकडे, गेले आणि बाजूची खोली मागितली. तिच्यात नाताळचा गोठा, कागदी चांदण्या आणि दोन मोडके बाक ठेवलेले असायचे.

ती खोली आता आमची बाळखोली आहे. नऊ वर्षं झाली. मी एकतीस वर्षं जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका होते. पण अंगणवाडीत शिकायला बसणारी मुलं तीन ते सहा वर्षांची. दीड-दोन वर्षांचं मूल ही वेगळीच गोष्ट आहे. ते मी इथे नव्याने शिकले. राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर इथल्या ओळखीच्या बायका फोन करून विचारतात की आम्हालाही सुरू करायची आहे, काय काय लागेल. प्रत्येकीला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

आधी एक स्पष्ट करते. ही पोरांना गप्प बसवायची खोली नाही. दोन वर्षांच्या मुलाला मंडळी म्हणजे काय, उपासना म्हणजे काय, हे कळत नाही. त्याला हात कळतात. कोणी उचललं, कसं उचललं, आवाज कसा होता, खोलीला वास कसला होता, हे कळतं. देवाच्या घराबद्दल त्याचं पहिलं मत या हातांवरून बनतं. म्हणून खाली जे जे लिहिलं आहे ते सगळं एकाच गोष्टीसाठी आहे: दर रविवारी तेच हात दिसावेत, तोच क्रम असावा आणि ज्याने मूल सोपवलं त्याच्याच हाती ते परत जावं.

कोण सांभाळणार

खोली, खेळणी, चटया हे सगळं नंतर. आधी माणसं.

आमच्याकडे दीड ते साडेतीन वर्षांची मुलं घेतो, आणि बारापेक्षा जास्त घेत नाही. चार मुलांमागे एक मोठं माणूस, म्हणजे बाराला तीन. आणि एकच मूल आलं तरी खोलीत दोन मोठी माणसं हवीतच. हा नियम मोडायचा नाही. दुसरी बाई आली नसेल तर त्या दिवशी खोली उघडत नाही. नऊ वर्षांत असे चार रविवार आले. आया नाराज झाल्या, मलाही वाईट वाटलं, पण कुलूप काढलं नाही.

दीड वर्षाच्या आतल्या बाळांसाठी खोलीच्या कोपऱ्यात एक गोधडी आहे. तिथे आईने स्वतः बसायचं. बाळाला दूध पाजायला, झोपवायला ती जागा. बाळ झोपलं तर पाठीवर निजवायचं, उशी नाही, तोंडाजवळ मऊ कापड नाही. तान्ह्या बाळाची जबाबदारी आम्ही घेत नाही, तेवढी माणसं आमच्याकडे नाहीत.

सांभाळणाऱ्यांची यादी सहा जणींची आणि दोन आजोबांची आहे. आठवड्याला माणसं बदलतात, पण एक चेहरा बदलत नाही. पहिली पाच वर्षं तो चेहरा माझा होता, आता माझ्या शेजारच्या काकूंचा आहे. मी दोन रविवार आड जाते. बाकीच्यांनी कितीही अदलाबदल केली तरी दारात काकू दिसल्या की मूल आत येतं. काकूंना उपासना चुकते म्हणून त्या बुधवारच्या प्रार्थनासभेला न चुकता जातात, आणि महिन्यातला प्रभुभोजनाच्या विधीचा रविवार आम्ही त्यांना मोकळा ठेवतो. हे आधीच ठरवा. नाहीतर सांभाळणारी बाई वर्षभर उपासनेला मुकते आणि मग एक दिवस थकून सोडून देते.

सोळा वर्षांवरच्या मुली-मुलांना मदतीला घेतो. त्यांना मोठ्या माणसांत मोजत नाही.

आता नाजूक भाग. यावर आमच्या पास्टरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीत, तीन बैठका झाल्या. ज्याला बाळखोलीत काम करायचं आहे त्याने लेखी अर्ज द्यायचा, ओळखपत्राची प्रत जोडायची, किमान एक वर्ष मंडळीत नियमित असायला हवं, आणि पोलिस पडताळणीचा दाखला आणायचा. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "बाई, आपल्याच माणसांवर संशय?" मी म्हटलं, "दादा, संशय कुणावरच नाही, म्हणूनच नियम सगळ्यांना." सगळ्यात पहिला अर्ज मी भरला. दुसरा पाळकसाहेबांच्या पत्नीने भरला. त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

दाराला वरचा अर्धा भाग नाही. मोडक्या बाकाच्या सागवानी फळीतून सुताराने अर्धं दार बनवून दिलं. बाहेरून जाणाऱ्या कुणालाही आत काय चाललं आहे ते दिसतं आणि मुलाला ते ओलांडता येत नाही. कडी आतून, वरच्या कडेला, मुलाचा हात पोचणार नाही अशी. कोणत्याही मुलाला घेऊन एकट्याने दुसऱ्या खोलीत जायचं नाही. मुलाचे फोटो काढायचे नाहीत, मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकायचे नाहीत.

आणि मुलाच्या वागण्यातून, अंगावरच्या खुणेतून, बोलण्यातून काही वाईट घडल्याचा संशय आला तर? लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं रक्षण करणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला हे कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. बाई असो, पंच असो, पाळक असो. आपण चौकशी करत बसायचं नाही, मुलाला पुन्हा पुन्हा विचारायचं नाही, आणि "मंडळीतल्या मंडळीत मिटवू" हे वाक्य कुणाच्या तोंडून आलं तर तिथेच थांबवायचं. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तो आमच्या दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे. मला हे लिहिताना आनंद होत नाही. पण जिथे लहान मुलं आहेत तिथे हे आधी बोललं गेलं पाहिजे, घडल्यावर नव्हे.

खोली

खोली तपासायची एकच पद्धत मला माहीत आहे. जमिनीवर मांडी घालून बसा, मग हात-गुडघ्यांवर सगळी खोली फिरा. उभ्या माणसाला दिसत नाही ते तिथून दिसतं. मला पहिल्या दिवशी बाकाखाली निघालेला खिळा, प्लगचं उघडं खोकं, चांदण्यांच्या माळेची लोंबती वायर, मेणबत्तीचे तुकडे आणि कोपऱ्यात फिनेलची अर्धी बाटली दिसली. फिनेलची बाटली शीतपेयाची होती. आपल्याकडे घराघरात हे करतात आणि यातूनच मुलं विष पितात. तसली बाटली चर्चच्या आवारातच ठेवायची नाही.

पुसायची बादली वापरून झाली की लगेच ओतून पालथी घालायची. दोन-अडीच वर्षांचं मूल वितभर पाण्यातही डोक्याकडून पडलं तर त्याला उठता येत नाही.

खेळण्यांसाठी आमचा मापाचा पेला आहे, टपरीवरचा कटिंग चहाचा. जी वस्तू त्या पेल्यात सबंध मावते ती या खोलीत येणार नाही. गोट्या, मणी, चिंचोके, सागरगोटे, पेनाची टोपणं, सगळं बाहेर. वाजणारी, लुकलुकणारी खेळणी लोक प्रेमाने आणून देतात. त्यांत बटणासारखी चपटी बॅटरी असते. ती मुलाने गिळली तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. म्हणून बॅटरीचं काहीच आम्ही ठेवत नाही. आणणाऱ्याचे मनापासून आभार मानतो आणि परत देतो.

मग ठेवायचं काय? स्टीलच्या वाट्या, मोठे डाव आणि एक पातेलं. सुताराकडचे लाकडाचे ठोकळे, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेले. जुन्या साड्यांचे चिंधीचे चेंडू. पुठ्ठ्याची मोठी खोकी, ज्यांत मूल स्वतः बसतं. दोन डफल्या. महिला संघाने शिवलेल्या चार गोधड्या. सुरुवातीला आमचा सगळा खर्च चार हजार दोनशे रुपये झाला, त्यात अर्ध्या दाराची मजुरी आणि चटया धरून. एकच खेळणं असेल तर भांडण ठरलेलं, म्हणून एकसारख्या चार-चार वस्तू ठेवा. चार वाट्या, चार डाव. या वयाच्या मुलाला "वाटून घे" कळत नाही, ते कळायला अजून दोन वर्षं आहेत.

तोंडात गेलेलं खेळणं वेगळ्या टोपलीत टाकायचं. उपासनेनंतर सगळं साबणाच्या पाण्याने धुऊन आवारात उन्हात. नगरच्या उन्हाचा हा एक मोठा उपकार आहे. एप्रिल-मे मध्ये मात्र ती खोली अकराच्या आत तापते, तेव्हा आम्ही कडुनिंबाखाली चटया टाकतो, आणि त्या दिवशी एक माणूस जास्त घेतो, कारण झाडाला दार नसतं.

सोपवणं आणि परत देणं

दारात एक वही. मुलाचं नाव, कोणी आणलं, कोण न्यायला येणार, फोन, आज काही औषध दिलं आहे का, काय खाल्लेलं चालत नाही. मग मुलाला क्रमांकाची बंडी घालायची. आमच्या गायनवृंदाचे जुने झगे पडून होते, त्यांतून बारा छोट्या बंड्या शिवल्या, पाठीवर मोठा आकडा. बटण नाही, नाडी नाही, पिन नाही, फक्त पुढे वेल्क्रो. त्याच आकड्याचा पितळी बिल्ला आईच्या हातात द्यायचा. बिल्ला दाखवेल त्यालाच मूल मिळणार.

एका नाताळात मुंबईहून आलेले मामा भाच्याला न्यायला आले. मामांना अख्खी मंडळी ओळखते, ते इथेच वाढलेले. बिल्ला नव्हता. काकूंनी हात जोडून सांगितलं, "भाऊ, ताईंना पाठवा." आजी फार रागावल्या, आठ दिवस बोलल्या नाहीत. पण ओळखीच्या माणसाला एकदा सूट दिली की पुढच्या वेळी "मी पण ओळखीचाच" म्हणणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. आणि घराघरात काय चाललेलं असतं, नवरा-बायकोत ताटातूट असेल, कोर्टात प्रकरण असेल, ते दारातल्या बाईला माहीत नसतं. बिल्ल्याला ते माहीत असावं लागत नाही.

आईला मधेच बोलवायचं झालं तर? उपासनेत फोन बंद. आमच्याकडे भिंतीवर गीतांचे क्रमांक लावायची लाकडी फळी आहे, तुमच्याकडेही असेल. तिच्या खाली एक जादा खिळा मारून घेतला. मदतीला असलेली मुलगी बाजूच्या दाराने जाऊन तिथे लाल आकडा अडकवते. सात क्रमांक दिसला की सातची आई उठते. कुणाला काही कळत नाही, उपदेश थांबत नाही. ही युक्ती मला आमच्या चर्चच्या शिपाईकाकांनी सुचवली आणि मला वाटतं, या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे.

रडणं

नव्या मुलाची आई पहिले तीन रविवार आत बसते. पहिल्यांदा पूर्ण वेळ, दुसऱ्यांदा अर्धा वेळ, तिसऱ्यांदा दाराबाहेर. चौथ्या रविवारी ती जाते, आणि सांगून जाते. मुलाचं लक्ष चुकवून निसटायचं नाही. पुष्कळ आज्या सांगतात, "खेळायला लागला की गुपचूप जा." तसं केलं की मूल पुढच्या रविवारी खेळायलाच लागत नाही, आईचा पदर धरून बसतं, कारण खेळलो की आई नाहीशी होते हे त्याने शिकलेलं असतं.

आईने खाली बसायचं, डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, "मी गाण्याला जाते. शेवटच्या गाण्याला येते." दोन वर्षांच्या मुलाला पावणेअकरा कळत नाहीत. पण गाणं कळतं. आमच्या पाळकसाहेबांना मी विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली: आशीर्वचनाआधीचं गीत कोणतंही असो, त्याच्या आधी पेटीवर एकच ठरलेली सुरावट वाजते. ती भिंतीतून ऐकू येते. पाच-सहा रविवारांत मुलं ती ओळखतात, हातातलं टाकून दाराकडे बघतात. आणि आई खरंच येते. ज्या आईला बाहेर मैत्रिणींशी बोलत थांबायची सवय आहे तिला मी शांतपणे पण स्पष्ट सांगते की ताई, तुमचं मूल त्या सुरावटीपासून श्वास धरून बसलेलं असतं.

रडणाऱ्याला कडेवर घ्यायचं, "अगं रडू नको" म्हणायचं नाही. "आई हवी आहे ना, हो, आई हवी" एवढंच. दहा मिनिटं. मूल दहा मिनिटांत शमलं नाही तर आकडा फळीवर. आईला वाटतं आपलं मूल नापास झालं. तसं नाही. एक मुलगी आम्हाला अकरा रविवार रडली. बाराव्या रविवारी तिने काकूंच्या ओच्यात वाटी आणून ठेवली आणि म्हणाली, "च्या घे."

पावणेदोन तासांत काय करायचं

नऊ ते साडेनऊ मोकळा खेळ. यात मोठ्यांनी खाली बसायचं, खुर्चीत नाही.

मग गोलात बसणं, सात मिनिटं. त्यापेक्षा जास्त नाही. एक गाणं हातवाऱ्यांचं, एक गोष्ट, एक प्रार्थना. बडबडगीताच्या चालीवर आपणच दोन ओळी रचा, "देवानं केलं झाड, झाडावर चिमणी" इतक्या सोप्या. तेच गाणं महिनाभर. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. उलट तिसऱ्या रविवारी ती पुढचा शब्द आधी म्हणतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं त्यासाठी ही सगळी खटपट आहे.

गोष्टही महिनाभर एकच आणि हातात धरता येईल अशी. हरवलेल्या मेंढराची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांत चालते, कारण दिवाळीनंतर धनगरांचे कळप आमच्या रस्त्यांवरून जातात, मुलांनी मेंढरं पाहिलेली असतात. मी खऱ्या लोकरीचा पुंजका आणते, तो हातोहात फिरतो. मग कापडाचं मेंढरू गोधडीखाली लपवायचं आणि सगळ्यांनी शोधायचं. "सापडलं!" म्हणून टाळ्या. गोष्ट एवढीच. शेवटी "म्हणजे येशू आपल्याला शोधतो" असं समजावत बसू नका. मूल दर वेळी मेंढरू शोधून छातीशी धरतं, तेव्हा त्याला ते कळलेलंच असतं.

काही गोष्टी या वयाला नकोत. जलप्रलय नको. प्राण्यांच्या नावेची चित्रं गोंडस दिसतात, पण मुलं विचारतात, बाकीचे कुठे गेले? वधस्तंभ नको, सिंहांची गुहा नको. ते सगळं शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या शाळेत, योग्य वयात येईल.

प्रार्थना एका ओळीची: "येशू, पाण्यासाठी आभार." डोळे मिटायची सक्ती नाही. उघड्या डोळ्यांनी मूल मोठ्यांचे मिटलेले डोळे बघतं, तेच त्याचं शिक्षण.

एक शब्द या खोलीत कायमचा बंद आहे. "असं केलंस तर येशू रागावेल." कुणीही, कितीही थकलेलं असलं तरी, हे म्हणायचं नाही. "काकू रागावतील" पण नको, पण ते एक वेळ चालेल. देवाची भीती घालून वाटी परत मिळते, पण मुलाच्या मनात जे बसतं ते काढायला पुढची चाळीस वर्षं लागतात. मी मोठ्या माणसांमध्ये ते पाहिलं आहे.

चावणं, ओरबाडणं होणारच. ज्याला लागलं त्याला आधी जवळ घ्या, मग चावणाऱ्याला खाली बसून, "चावलं की दुखतं. दात भाकरीला." दोघांच्या आयांना त्याच दिवशी सांगा, पण दुसरं मूल कोण ते सांगू नका.

आमच्याकडे गेली दोन वर्षं एक मुलगा येतो, तो अजून बोलत नाही आणि त्याला डफलीचा आवाज सहन होत नाही. डॉक्टरांनी तो स्वमग्न असल्याचं सांगितलं आहे. त्याच्यासाठी मोठं खोकं भिंतीकडे तोंड करून ठेवतो, आत त्याची घरची चादर. त्याचे आजोबा शेजारी बसतात. गोलाच्या वेळी डफली वाजत नाही, आम्ही सगळे मांडीवर थापा मारतो. सगळ्याच मुलांना ते जास्त आवडलं. साडेतीनची मर्यादा त्याच्यासाठी आम्ही सोडली आहे.

खाणं, पोट, ताप

खाऊ शक्यतो नकोच. प्रत्येकाची आपली पाण्याची बाटली, नाव लिहिलेली. भूक लागलीच तर पिकलेलं केळं, तेही आईला विचारून. कुणाच्या वाढदिवसाची चॉकलेटं घरी न्यायला देतो, खोलीत उघडत नाही.

आमच्या भागात शेंगदाणा सगळीकडे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, लाह्या, चिक्की, गोळ्या या वयाच्या मुलाच्या घशात अडकतात. फेब्रुवारीत नाशिकची द्राक्षं येतात, ती तर नेमकी घशात अडकायच्या मापाची. द्यायचीच तर उभी चिरून चार भाग करून. नाताळच्या फराळातल्या कडक शंकरपाळ्याही नकोत. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, आजीने आग्रह केला तरी.

घशात अडकलं तर काय करायचं हे सगळ्यांनी हाताने करून शिकायला हवं. आम्ही दर जूनमध्ये एका परिचारिका ताईंना बोलावतो आणि बाहुलीवर सराव करतो. मूल खोकत असेल, आवाज निघत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला, खोकता येत नाही, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताने पाच जोरदार थापा. नाही निघालं तर वर्षावरच्या मुलाला मागून धरून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब, वर्षाखालच्या बाळाला पोटावर नाही, छातीच्या मधोमध पाच दाब. पुन्हा थापा, पुन्हा दाब. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपायचं नाही, वस्तू आणखी खाली जाते. एकीने हे करायचं, दुसरीने त्याच क्षणी १०८ लावायचा. दोन मोठी माणसं का हवीत, त्याचं हेही एक कारण.

लंगोट किंवा डायपर आईच बदलते, आकडा फळीवर लावून बोलावतो. शी-शूला न्यायचं झालं तर दोघी जातात, दार उघडं. नंतर सगळ्यांचे हात साबणाने, वीस सेकंद.

गेल्या चोवीस तासांत ताप, जुलाब, उलटी झालेलं मूल घेत नाही. डोळे आलेले असतील तरी नाही. पावसाळ्यात हात, पाय आणि तोंडात फोड येणारा आजार पसरतो, तो लाळेतून आणि फोडांतल्या पाण्यातून जातो, त्या मुलाने फोड सुकेपर्यंत घरी राहावं. दारातून परत पाठवताना आईला अपमान वाटतो, कारण ती तयार होऊन, रिक्षा करून आलेली असते. म्हणून आम्ही नुसतं "नाही" म्हणत नाही. तिला व्हरांड्यात खुर्ची देतो, पंखा लावतो, आणि दुपारी पाळकसाहेब किंवा महिला संघाची कुणीतरी घरी जाऊन प्रार्थना करून येते.

सणांचे दिवस

नाताळात आणि ईस्टरला पुण्या-मुंबईहून नातवंडं येतात. पंचवीस मुलं दारात उभी राहतात. बाराचे पंधरासुद्धा करू नका. आम्ही नाताळला खोली उपासनेच्या दोन भागांत चालवतो, पहिल्या भागात बारा, दुसऱ्यात बारा, आणि नव्या मुलांच्या आया सोबत. उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना तीन तासांची, बारा ते तीन, आणि ऊन कडक. काहींचं म्हणणं होतं की त्या दिवशी खोली बंद ठेवावी. पण त्याच दिवशी आयांना सर्वांत जास्त आत बसायचं असतं. आम्ही तीन पाळ्या लावतो, तासाला माणसं बदलतात, काकू तेवढ्या बदलत नाहीत. मुलं बहुतेक झोपतात. भिंतीपलीकडून वचनं ऐकू येतात आणि इथे गोधड्यांवर ओळीने बारा मुलं.

साडेतीन पूर्ण झाले की मूल शब्बाथशाळेच्या बालवर्गात जातं. एका रविवारी अचानक नाही. आधी दोन रविवार काकू त्याला हात धरून तिथे नेऊन बसवतात, परत आणतात. तिसऱ्या रविवारी ते आपली बंडी स्वतः घडी करून टोपलीत ठेवतं आणि जातं.

उपासना संपल्यावर शेवटची दोघं जातात तेव्हा हे क्रमाने: खेळणी धुवायला बाहेर, बादली पालथी, पंखे बंद, वहीत वेळ आणि दोघींच्या सह्या. मग बंड्या मोजायच्या, आणि खिळ्यांवरचे पितळी बिल्ले मोजायचे. अकरा भरले तर कुलूप लावायचं नाही. बारावा कुणाकडे आहे ते वहीत बघायचं, फोन लावायचा, मूल घरी पोचलं का ते आईच्या तोंडून ऐकायचं, आणि मगच किल्ली शिपाईकाकांना द्यायची.